यादीत नसलेला पत्ता

१९ सप्टेंबर

नगरजवळच्या नागापूरच्या कारखान्यातली सर्व्हर सांभाळायची नोकरी सोडली तेव्हा अख्ख्या शेवगावानं मला वेड्यात काढलं होतं. बाईमाणसानं एकटीनं धंदा काढायचा, तोही कॉम्प्युटरच्या वायरींचा! आज पहिलं काम हातात आलं. आणि ते आणलं कुणी, तर आमच्या नानांनी.

माझे वडील जन्मभर कपिला दूध शीतकरण केंद्रात कॉम्प्रेसरवर आहेत. मॅनेजर भाऊसाहेबांच्या मागं म्हणे ते कधीपासून लागले होते, "माझ्या सत्याला बोलवा, तिच्याकडून समदं नवं करून घ्या." स्वतःच्या पगारवाढीसाठी जो माणूस कधी साहेबाच्या दारात उभा राहिला नाही, तो माझ्यासाठी राहिला. मला हसूही आलं आणि भरूनही आलं.

मी म्हटलं, पितृपक्ष संपू द्या, मग मुहूर्त करू. तर म्हणाले, "पितरांचं म्या बगतो. तू लाग कामाला, उशीर नगो." एवढी कसली घाई कोण जाणे.

काम असं आहे. दुधाचा काटा, फॅट मोजायचं मशीन, टाक्यांचे थर्मामीटर, कॅमेरे, ऑफिसचे कॉम्प्युटर, सगळं एका जुनाट कॉम्प्युटरला गाठी मारून जोडलेलं. तो सांभाळणारा आदिनाथ भाऊसाहेबांशी भांडून गेला. जाताना काही समजावून दिलं नाही, उलट म्हणाला, "माझ्याशिवाय चालवून दाखवा." दाखवते की! नवा लिनक्स सर्व्हर बसवायचा, सगळ्या यंत्रांना नेटवर्कवरचे नवे पत्ते द्यायचे आणि दसऱ्याच्या आत ते जुनं धूड बंद करायचं.

२३ सप्टेंबर

भाऊसाहेब नाकानं कांदे सोलणारा माणूस, पण यंत्रांची यादी मात्र छान टाईप करून दिली. दिवसभर पत्ते वाटायची सर्व्हिस लावत बसले. सगळ्यांची घड्याळं एका वेळेवर आणणारी सर्व्हिसही लावली. फॅटचं मशीन अजून मागच्या वर्षात जगत होतं!

मग फायरवॉल. माझा नियम साधा आहे. यादीत आहे तो आत, यादीत नाही तो बाहेर. बाहेरच्यानं दार वाजवलं तर लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या नोंदवहीत, त्याची ओळ पडेल, पण दार उघडणार नाही. आदिनाथसारखा रागानं गेलेला माणूस असला की तर हे हवंच.

यादीतलं सगळ्यात महत्त्वाचं यंत्र म्हणजे गॅसचा डबा. दूध गार करायला पाइपांतून अमोनिया फिरतो. तो गळला तर डोळे आणि फुप्फुसं जाळतो. कॉम्प्रेसर हॉलच्या भिंतीवर हा डबा बसवलाय. हवेत अमोनिया वाढला की डबा सर्व्हरला हाक मारतो आणि सर्व्हर छतावरचा भोंगा वाजवतो. आतापर्यंत हे काम जुना कॉम्प्युटर करायचा, आता माझा सर्व्हर करेल.

रात्री जेवताना नानांनी विचारलं, "भोंगा वाजंल ना पन? मानसाला कळायच्या आदी वाजंल?"

"नाना, तुमच्या नाकाच्या आधी वाजेल."

नानांचं नाक म्हणजे केंद्रातली दंतकथा. कॅनचं झाकण नुसतं उचलून कोणत्या गावचं दूध आंबलंय ते सांगायचे. सुईच्या अग्राएवढी गळती मीटरच्या आधी ओळखायचे. म्हणून मी मस्करी केली. ते हसले.

"मग मला कायबी काळजी न्हाई," म्हणाले आणि ताट घेऊन उठले. अर्धी भाकरी तशीच होती.

२७ सप्टेंबर

आज चाचणी. माझ्या लॅपटॉपवरून गॅसच्या डब्यासारखा खोटा इशारा पाठवला आणि भोंगा असा काही ठणाणला की छतावरचे सगळे पारवे उडाले. झाडलोट करणाऱ्या साळूबाईच्या हातातला खराटा पडला. "आगं ए सत्या, मारती का काय मला!" भाऊसाहेबांनी टाळ्या वाजवल्या.

नाना मात्र म्हणाले, "आमची रीत येगळी हाय. चिंधी अमोनियाच्या पान्यात भिजवायची आन् डब्याच्या तोंडाशी धरायची. त्यो बोलला तर खरा."

भाऊसाहेब लगेच आडवे आले. सणाच्या तोंडावर चिंध्याबिंध्या नकोत, दूध घालायला आलेली माणसं बिचकतील. मीही नानांना सांगितलं, काही गरज नाही, इशारा लॅपटॉपनं पाठवला काय आणि डब्यानं पाठवला काय, सर्व्हरला सारखाच. नानांनी मान हलवली. माझ्या कामात त्यांनी कधी ढवळाढवळ केली नाही, हे त्यांचं मोठेपण.

संध्याकाळी जुना कॉम्प्युटर बंद केला. त्याचा पंखा थांबला तशी खोली एकदम शांत झाली. मला उगाच कसंतरी वाटलं, पण घरी येऊन श्रीखंड खाल्लं.

३० सप्टेंबर

नाना म्हातारे व्हायला लागले. आज सकाळी मी आंघोळ करून आले तर दूध उतू जाऊन, करपून, पातेलं काळं झालेलं आणि घरभर जळका वास. नाना गॅसच्या शेजारी पाटावर बसून पेपर वाचतायत! मी ओरडले तेव्हा कुठं वर पाहिलं. म्हणाले, बातमीत गुंतलो होतो.

आणि ते आईच्या तेलाचं. करोनाच्या वर्षी दोघंही आजारी पडले, नाना दवाखान्यातून घरी आले, आई आली नाही. तिची डोक्याला लावायची माक्याच्या तेलाची बाटली नानांनी फडताळात जपून ठेवलीय. रोज सकाळी झाकण उघडतात, नाकाशी धरतात, डोळे मिटून बराच वेळ उभे राहतात आणि झाकण लावतात. तेव्हा त्यांचा चेहरा इतका पडलेला असतो की मी तिथून निघून जाते. इतकी वर्षं झाली तरी माणूस आठवणीत किती अडकलाय.

३ ऑक्टोबर, पहिली माळ

घट बसले. देवीपुढं म्हटलं, हे काम निर्विघ्न पार पडू दे.

आणि विघ्न आजच उगवलं. दुपारी लॉग चाळत होते. एका अनोळखी पत्त्यावरून कुणीतरी सर्व्हरचं दार वाजवलेलं. फायरवॉलनं हाकलून लावलं. पण बाई गं, तो पत्ता बाहेरचा नाही. केंद्राच्या आतला आहे! जुन्या पद्धतीचा पत्ता, मी बदलून टाकले त्यातला. माझ्या यादीत तो कुठंच नाही.

४ ऑक्टोबर, दुसरी माळ

पुन्हा दुपारीच. ऊन चढलं, कॉम्प्रेसरवर ताण आला की साधारण तेव्हाच.

काय पाठवतोय ते पकडून पाहिलं. नुसती चिन्हांची खिचडी, अर्थ लागेना. नेटवर्कवर बोलायच्या दोन तऱ्हा असतात. एक तऱ्हा म्हणजे समोरचा "हो" म्हणेपर्यंत थांबायचं. दुसरी म्हणजे नुसती हाक मारायची, पोचली की नाही ते बघायचंच नाही. हा दुसऱ्या तऱ्हेचा आहे. उत्तराची वाटच बघत नाही. हाक मारतो आणि गप्प होतो, मग पुन्हा मारतो.

आदिनाथनंच काहीतरी जोडून ठेवलंय, माझी खात्री आहे. सर्व्हरमध्ये शिरून भाऊसाहेबांची फजिती करायची आणि माझं पहिलंच काम पाण्यात घालायचं. भाऊसाहेबांना सांगितलं तर ते दात खाऊन म्हणाले, "त्या नालायकाचंच काम. त्याला घुसू देऊ नका, ताई." देते की काय!

५ ऑक्टोबर, तिसरी माळ

आज वायरींचा माग काढत सगळं केंद्र पालथं घातलं. एक वायर कॉम्प्रेसर हॉलच्या भिंतीतून मागच्या खोलीकडं जाते. तिथं अमोनियाची मोठी टाकी आहे. त्या खोलीत नानांशिवाय कुणी जायचं नाही अशी पाटीच आहे. जुनी, मेलेली वायर असेल म्हणून सोडून दिली.

एक गंमत पाहिली. दुधाचे कॅन उतरत होते आणि साळूबाई एकेक झाकण उचलून हुंगत होती. हुंगून नानांकडं बघायची, नाना मान हलवून कॅन आत घ्यायचे नाहीतर बाजूला ठेवायचे. मी चिडवलं, "काय नाना, चेलीण तयार करताय होय?" साळूबाई गोरीमोरी झाली. नाना म्हणाले, "शिकंल की बिचारी. माझं काय, आज हाय उद्या न्हाई." असलं अभद्र बोललेलं मला आवडत नाही.

नंतर साळूबाईनं मला भिंतीच्या कडेला गाठलं. "सत्या, मागल्या अंगाला झाडाया गेलं की डोळं चुरचुरत्यात गं. वास बी येतो."

म्हटलं, "शीतकरण केंद्रात अमोनियाचा नाही येणार तर काय अत्तराचा येणार?"

ती म्हणाली, "न्हाई बाई, रोजच्यापरीस लई येतो. तुज्या नानाला सांगितलं तर ते म्हनले, सत्याचा भोंगा हाय की, असतं तर वाजला असता."

मला इतकं बरं वाटलं! ज्यांच्या नाकावर केंद्र चाललं तो माणूस माझ्या सर्व्हरवर विश्वास टाकतोय. फिनेल बदलून बघ, असं साळूबाईला सांगितलं.

७ ऑक्टोबर, पाचवी माळ

आदिनाथचा फोन आला. पठ्ठ्याची हिंमत बघा!

"ताई, तुमी जुना कॉम्प्युटर बंद केला म्हणं. मागच्या खोलीचं काय केलं तुमी? तिथला..."

मी पुढं बोलूच दिलं नाही. "तुझे धंदे मला माहितीयेत. पुन्हा फोन केलास तर पोलिसात देईन," म्हणाले आणि नंबर ब्लॉक करून टाकला. म्हणजे मागच्या खोलीत त्यानं काहीतरी लपवलंय आणि आता मलाच डिवचतोय.

नानांना म्हटलं, किल्ली द्या, मला आत बघायचंय. मी असं म्हटल्यावर ते चक्क ओरडले. माझ्यावर ते कधीच ओरडत नाहीत. "तिथं तुजं काय काम? तू न्हाई जायाचं. म्या बगून येतो."

आत बराच वेळ होते. आले ते खोकत. डोळे लाल.

"आदिनाथनं काही नवीन बसवलंय का?"

"न्हाई. हाय तेच हाय समदं, पयल्यापासूनचं."

म्हणजे नुसतीच हूल. मी आपली साप साप म्हणून भुई धोपटत बसले. त्यांच्या सदऱ्याला अमोनियाचा असा भपकारा येत होता की मी दोन पावलं मागं सरले. म्हटलं, "नाना, सदरा बदला, नाक झोंबतंय." त्यांनी माझ्याकडं पाहिलं, सदऱ्याची बाही नाकाला लावली आणि हळूच खाली सोडली. "व्हय गं, झोंबतंय खरं," म्हणाले.

येताना डोळ्यांत घालायचे थेंब आणले त्यांच्यासाठी. जागरणानं डोळे लाल होतात या वयात.

९ ऑक्टोबर, सातवी माळ

तो पत्ता आता थांबतच नाही. ऊन उतरलं तरी हाका चालूच. लॉगमध्ये त्याच्याशिवाय दुसरं काही दिसेना. माझ्याच कामाच्या ओळी शोधायला खाली खाली जावं लागतं. भाऊसाहेब पडद्यावरच्या लाल ओळी बघून सारखे विचारतात, "ताई, हे काय दिसतंय?" दसऱ्याला संचालक बघायला येणार, त्यांच्यापुढं ही लाल रांगोळी कशी दाखवायची?

शेवटी वैतागून एक नियम लिहिला. या पत्त्यावरून काहीही आलं तरी टाकून द्यायचं आणि त्याची नोंदसुद्धा करायची नाही. ओरड म्हणावं किती ओरडायचं ते.

नियम लागू केला आणि पडदा स्वच्छ झाला. काटा हिरवा, टाक्या हिरव्या, गॅसचा डबा हिरवा. भाऊसाहेब खूश. मीही खूश असायला हवं. पण घरी येताना गाडीवर सारखं वाटत होतं की कुणीतरी मागून हाक मारतंय आणि मी मुद्दाम वळून बघत नाहीये. पहिल्या कामाची धास्ती, दुसरं काय.

१० ऑक्टोबर, आठवी माळ

उद्या खंडेनवमी. केंद्रातली रीत अशी की सकाळचं दूध घेतलं की सगळी यंत्रं बंद करायची, धुवायची, हळदकुंकू वाहायचं, झेंडूच्या माळा घालायच्या आणि संध्याकाळच्या दुधापर्यंत कशाला हात लावायचा नाही. वर्षभर राबतात बिचारी, एक दुपार विसावा. हवा बाहेर टाकणारे पंखेसुद्धा बंद. यंत्र म्हणून तर बंदच, पण पुजेचा दिवा विझू नये म्हणूनही. पूजा नानांच्या हातची, आणि सुरुवात मागच्या खोलीपासून, कारण अमोनियाची टाकी केंद्रातली सगळ्यात जुनी. दार लावून एकटेच बसतात, मनोभावे.

साळूबाई मोहटादेवीला पायी निघालीय. जाताना नानांना दहा वेळा म्हणाली, "म्या येईस्तवर पूजा ठिवा ना." हे काय भलतंच? नवमी हिच्यासाठी थांबणार होय!

नानांनी माझ्याकडून कबूल करून घेतलं की उद्या मीही लॅपटॉपला हात लावायचा नाही. "तुजं शस्त्र त्ये. उद्या त्येची बी पूजा."

"आणि सर्व्हर? तो चालूच राहणार हं, त्याला बंद करता येत नाही."

"त्यो र्‍हाऊ दे चालू," ते घाईनं म्हणाले. "त्यो जागा पायजे. जागा र्‍हाईल न्हवं?"

"राहील, नाना. किती वेळा विचाराल?"

त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. लहानपणी परीक्षेला जाताना फिरवायचे तसा.

१२ ऑक्टोबर, दसरा

नगरच्या दवाखान्यात बाहेरच्या बाकावर बसून लिहितेय. लिहिलं नाही तर डोकं फुटेल माझं.

काल सकाळी नाना पुजेचं ताट घेऊन गेले. मी घरात लॅपटॉपला कुंकू लावलं आणि दसऱ्यासाठी फडताळ आवरायला घेतलं. आईची बाटली हातात आली. इतक्या वर्षांत मी ती कधी उघडली नव्हती, ती नानांची म्हणून. काल वाटलं, एकदा आईचा वास घ्यावा.

झाकण उघडलं आणि मला उमासा आला. तेल केव्हाच सडलेलं होतं. खवट, घाण, किळसवाणा वास. आईचा त्यात मागमूस नव्हता.

हे नाना रोज नाकाशी धरतात, डोळे मिटून.

मी तिथंच खाली बसले. मग एकेक करून सगळं समोर आलं. शेजारी बसून करपलेलं दूध. साळूबाईनं हुंगलेले कॅन. सदऱ्याची बाही. नानांना वास येत नाही! करोनानं आईबरोबर नाकही नेलं, आणि रोज सकाळी ते फक्त बघत होते की परत आलंय का. नाकाविना कॉम्प्रेसरवर कोण ठेवणार, म्हणून कुणाला बोलले नाहीत. मला या कामावर बोलावून घेतलं ते माझ्या धंद्यासाठी नव्हे. त्यांना नाक हवं होतं. माझा भोंगा त्यांचं नाक होता.

मग आठवलं, दुपारी, ऊन चढल्यावर, ताण आल्यावर येणाऱ्या हाका. भिंतीतून मागच्या खोलीत गेलेली वायर. चिंधीची चाचणी, जी मी होऊ दिली नाही. माझा लॅपटॉप यादीत होता, म्हणून भोंगा वाजला.

आदिनाथचा नंबर अनब्लॉक करून फोन लावला. तो म्हणाला, "ताई, तेच तर सांगत हुतो. गॅसचे डबे दोन हायेत. मागच्या खोलीतला दुसरा भाऊसाहेबांच्या यादीत कदीच नव्हता. त्यो नुसत्या जुन्या कॉम्प्युटरशी बोलायचा. आता कुनाशी बोलतोय त्यो?"

कुणाशीच नाही. मीच तोंड दाबलं त्याचं.

नाना फोन उचलेनात. पुजेत मोबाईल बाहेर ठेवतात. भाऊसाहेबांना फोनवर ओरडून सांगितलं, मागचं दार उघडा, पंखे लावा, आणि गाडी काढली. रस्ता कसा गेला ठाऊक नाही. पोचले तेव्हा मागच्या बाजूला उभंच राहवत नव्हतं, इतकी हवा झोंबत होती. भाऊसाहेबांनी ओला टॉवेल तोंडाला बांधून नानांना ओढून बाहेर आणलं होतं. नाना दाराच्या आत उंबऱ्यापाशी पडले होते, सरपटत आले असावेत. आत टाकीला झेंडूची माळ होती आणि दिवा विझला नव्हता.

डोळे उघडत नव्हते. अंगावर पाणी ओतत होतो, ते तोंडानं काहीतरी बोलत होते. कान जवळ नेला.

"पोरी, घसा धरला हुता. पन म्हनलं, गॅस आसता तर भोंगा वाजला आसता. म्या वाट बगत हुतो."

आज सकाळी आपट्याची पानं वाटत नर्स आली. मला एक पान दिलं. मी ते या वहीत ठेवलं.

१५ ऑक्टोबर

नाना वाचतील असं डॉक्टर म्हणाले. डोळ्यांचं काही खरं नाही. पट्टी इतक्यात निघायची नाही, आणि निघाल्यावर कितपत दिसेल ते देव जाणे.

भाऊसाहेब भेटायला आले. मी तोंड उघडणार तोच नाना घोगऱ्या आवाजात म्हणाले, "सायेब, चूक माझी. नाक गेलं हुतं माझं, सांगितलं न्हाई कुनाला. पोरीच्या कामाला कुनी बोट लावू नगा."

भाऊसाहेबांनी त्यांचा हात धरला आणि रडले. नंतर मी त्यांना बाहेर गाठून सगळं सांगितलं, तो नियमसुद्धा. "यादी माझी होती," एवढंच म्हणाले. मग म्हणाले, नानांना एवढ्यात सांगू नका. ते म्हणायला सोपं आहे.

१९ ऑक्टोबर

गळका व्हॉल्व्ह बदलला. केंद्र पुन्हा सुरू करायचंय. नानांजवळ साळूबाई बसलीय, म्हणून मी आले.

सर्व्हरसमोर बसले आणि तो नियम काढला. एकच ओळ होती. मागच्या खोलीतल्या डब्याचा पत्ता यादीत घातला, त्याची भाषा समजेल अशी सोय केली, त्यात आदिनाथनं मदत केली. मग बाटलीतलं अमोनियाचं पाणी चिंधीवर ओतलं, नाकाला मास्क बांधला आणि पहिल्यांदाच मागच्या खोलीत गेले. डबा टाकीच्या वर भिंतीला होता. लहानसा, राखाडी, कोपऱ्यावर मागच्या कुठल्यातरी नवमीचं कुंकू. नानांनी लावलेलं. त्यांना वाटत असणार, हा पोरीच्या सर्व्हरला जोडलेला आहे.

चिंधी त्याच्या तोंडाशी धरली.

भोंगा लगेच वाजला. क्षणभरही थांबला नाही.

मी तशीच उभी राहिले. तेवढ्यात खिशातला मोबाईल थरथरला. साळूबाईचा फोन, दवाखान्यातून. उचलला तरी भोंगा वाजतच होता. "सत्या, काय गं त्यो आवाज? फोनातून तुज्या नानानं बी ऐकला. दे म्हनत्यात फोन."

"सत्या," नाना म्हणाले. घसा अजून चरचरत होता, पण आवाजात हसू होतं. "भोंगा न्हवं त्यो? वाजतोय की गं! म्या म्हनलो हुतो सायबाला, पोरीचं काम हाय, वाजनारच."

मला म्हणायचं होतं, नाना, तो तेव्हाही हाक मारत होता. नवरात्रभर मारत होता.

"वाजू दे जरा," नाना म्हणाले. "बरं वाटतंय ऐकाया."

मी फोन तसाच वर धरून उभी राहिले. चिंधी खाली घेतली नाही.